घर विकायच्या आधी एक पावसाळा भाड्याने राहा

मुंबई-पुणे सोडून एखाद्या लहान शहरात राहायला जावं, असा विचार तुमच्या घरात चालू असेल तर हे तुमच्यासाठी आहे. मी डोंबिवली सोडून सांगलीला आलो आणि आता इथेच राहणार आहे, त्यामुळे मला कुणाला मागे फिरवायचं नाही. पण दर वर्षी शाळांना सुट्ट्या लागल्या की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. ‘इथलं घर काढून टाकतोय, तिकडे एखादा प्लॉट बघून ठेवा.’ ते ऐकून मला काळजी वाटते, कारण बोलणाऱ्याने हिशेब मांडलेला असतो तो फक्त घराच्या किमतीचा. तिकडचा वन बीएचके विकला की इकडे ऐसपैस टू बीएचके येतो, वर बँकेत टाकायला चार पैसे उरतात. तेवढ्यावर अख्ख्या कुटुंबाचं बिऱ्हाड हलवायचं ठरलेलं असतं.

माझं सांगणं एवढंच आहे की जरूर या, पण पहिलं वर्ष भाड्याच्या घरात काढा आणि तिकडचं घर तोवर विकू नका. एक उन्हाळा आणि एक पावसाळा या शहरात राहून बघा. त्या वर्षात घरातल्या प्रत्येक माणसाचं काय होतंय, हे नीट बघा.

आधी मिळतं काय ते सांगतो, कारण ते खरंच मोठं आहे. मिळतो तो वेळ. डोंबिवली किंवा बदलापूरहून लोकलने मुंबई गाठणाऱ्या माणसाचे रोजचे तीन-साडेतीन तास प्रवासात जातात, आणि ते तासही उभ्याने, घामात. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्याची कथा फार वेगळी नाही. इथे विश्रामबागेतून कुपवाडच्या एमआयडीसीत स्कूटरवरून पंधरा मिनिटांत पोचता येतं. माझ्या गल्लीतले निम्मे पुरुष दुपारी जेवायला घरी येतात. ताटात गरम भाकरी पडते, मुलगी शाळेतून आलेली असते, तिच्याशी दोन शब्द बोलून माणूस परत कामावर जातो. मुंबईत मुलं झोपल्यावर घरी पोचणाऱ्या बापाला याची किंमत कळेल. ही एकच गोष्ट लहान शहराच्या बाजूने इतकी भारी आहे की मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं ऐकूनही अनेकांनी यावं, असंच मला वाटतं.

खर्चाचं मात्र नीट समजून घ्या. घरभाडं, कामाला येणाऱ्या मावशींचा पगार, भाजीपाला, दूध, रिक्षाचं भाडं हे कमी होतं. पेट्रोल, गॅस, किराणा, मोबाइल, मुलांचे कपडे यांत काही फरक पडत नाही. चांगल्या खासगी शाळेची फी पुण्याच्या मानाने थोडी कमी असेल, पण परवडणारी असेलच असं नाही. शिवाय इथे शहर बसचा फारसा भरवसा नाही, म्हणून घरात दोन दुचाक्या लागतातच. ज्या आजी-आजोबांना गाडी चालवता येत नाही ते दुसऱ्यावर अवलंबून राहतात. मुंबईत बेस्टने एकट्या फिरणाऱ्या बाई इथे नातवाला ‘मला देवळात सोडशील का रे?’ असं विचारत बसतात. आणखी एक खर्च कुणी धरतच नाही, तो म्हणजे संबंधांचा. लग्न, बारसं, वास्तुशांत, साखरपुडा, तिसऱ्या दिवशीचं रक्षाविसर्जन, सगळीकडे जावं लागतं. आहेर द्यावा लागतो आणि अर्धा दिवस जातो. नाही गेलात तर लक्षात राहतं.

केंद्र सरकारी नोकरीत असाल आणि बदली मागत असाल, तर घरभाडे भत्त्याकडेही बघा. या भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केलेले आहेत. मुंबई आणि पुणे एक्स वर्गात आहेत. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सांगली, सोलापूर वाय वर्गात, तर सातारा आणि रत्नागिरीसारखी गावं झेडमध्ये. सातव्या वेतन आयोगात महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यावर हा भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाला. एक्समधून झेडमध्ये गेलात तर फरक महिन्याच्या महिन्याला जाणवतो.

आता नोकरी. लहान शहर कुणाला पोसतं आणि कुणाला नाही, हे त्या शहराच्या धंद्यावर ठरतं. कोल्हापुरात फाउंड्री आणि मशिन शॉप आहेत, इचलकरंजीत माग आहेत, सांगलीत हळद आणि साखर, तासगावात बेदाणा, सोलापुरात टॉवेल आणि चादरी. छत्रपती संभाजीनगरला वाहनउद्योग आणि औषधं. तुमचं कसब या धंद्यांत बसत असेल तर इथे मान आहे, आणि एक नोकरी गेली तरी शेजारच्या शेडमध्ये दुसरी मिळते. मोल्डिंग जाणणारा, सीएनसी चालवणारा, खाती लिहिणारा, दात काढणारा माणूस इथे उपाशी राहत नाही. वकिलांसाठी तर चित्रच बदललं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांच्या कामासाठी मुंबईच्या खेपा घालायची गरज उरली नाही. पण जाहिरात, प्रकाशन, वित्त, मोठ्या कंपनीतलं एचआर किंवा मार्केटिंग असं तुमचं काम असेल, तर इथे दुसरी नोकरी नाही. घरून काम करत असाल तर कंपनी उद्या ‘आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या’ म्हणाली तर काय करायचं, हे बिऱ्हाड हलवायच्या आधी ठरवा. तशी बोलावणी गेल्या काही वर्षांत अनेकांना आली आहेत. साहेबांकडून तोंडी ‘काही हरकत नाही’ घेऊन येऊ नका, लेखी घ्या.

घरात दोघं कमावते असतील तर फोन करणारा बहुतेक वेळा स्वतःच्याच नोकरीबद्दल बोलतो. दुसऱ्या माणसाचं, म्हणजे बऱ्याचदा बायकोचं, काय होणार याला ‘तिला तिकडे काहीतरी मिळेलच’ असं उत्तर येतं. हे ‘काहीतरी’ म्हणजे काय ते मी जवळून पाहिलं आहे. ओळखीतल्या एका कुटुंबात नवरा सॉफ्टवेअरमध्ये, पगार होता तोच चालू. बायको ठाण्याला औषध कंपनीत क्वालिटीच्या विभागात होती, हाताखाली सहा-सात माणसं. इथे आल्यावर तिला मिळाली ती एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी, आधीच्या पगाराच्या पाव हिश्श्यावर. नवऱ्याला दुपारची झोप मिळाली, मुलांना अंगण मिळालं, सासूबाईंना चार बायकांत सून दाखवता आली. ती मात्र शाळेतून आली की उरलेला दिवस चहा टाकत होती. घरी काम करणारा नवरा, येणारे-जाणारे नातेवाईक आणि ‘आता काय, निवांत ना?’ असं विचारणाऱ्या शेजारणी. वर्षभरात तिचं बोलणं कमी झालं. नशिबाने दोघं शहाणे होते. बसून बोलले, आणि तिने हळद पावडर करणाऱ्या एका कारखान्यात तपासणीचं आणि निर्यातीच्या कागदपत्रांचं काम मिळवलं. पगार अजून ठाण्याच्या निम्मा आहे. पण सकाळी नऊला ती घराबाहेर पडते आणि तिच्या सहीशिवाय माल हलत नाही.

म्हणून सांगतो, बिऱ्हाड हलवायच्या आधी दुसऱ्या माणसाच्या नोकरीचा शोध पहिल्याइतक्याच गंभीरपणे घ्या. बँकेत किंवा सरकारी खात्यात असेल तर बदली हातात आल्याशिवाय हलू नका. नोकरी सोडावीच लागणार असेल, तर सोडणाऱ्याच्या नावावर पैसे आणि मालमत्ता काय राहणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. लोकांना हा विषय काढायला अवघड वाटतं, पण नंतर काढणं त्याहून अवघड जातं.

भाड्याने राहायला सांगण्याचं सगळ्यात मोठं कारण पाणी. महाराष्ट्रातली लहान शहरं एक तर पाण्याने गाजतात किंवा पाण्याविना. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ते पाणी कृष्णेचं. तीच कृष्णा ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढली. सोलापूरला उजनी धरण आहे, पण नळाला रोज पाणी येत नाही. छत्रपती संभाजीनगरकरांनी जायकवाडी धरण भरलेलं असतानाही कित्येक दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली आहे. कोल्हापूरला काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी २०२३ मध्ये आलं, तेही अनेक वर्षांच्या रखडपट्टीनंतर. हे तुम्हाला दिवाळीच्या सुट्टीत घर बघायला आल्यावर दिसत नाही. तेव्हा नद्या शांत असतात, विहिरी भरलेल्या असतात, हवा छान असते, आणि एजंट घाईत असतो. मे महिन्यात त्याच सोसायटीत टँकर किती येतात आणि त्याचे पैसे कोण देतं, हे तिथल्या वॉचमनला विचारा.

पुराचं तर प्रत्येक गल्लीला वेगळं गणित असतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इथल्या माणसाला ‘तुमच्याकडे पाणी येतं का?’ असं विचारू नका, ‘किती फुटाला येतं?’ असं विचारा. तो लगेच सांगेल. सूर्यवंशी प्लॉटमधल्या माणसाचा आकडा वेगळा, मारुती चौकातल्या दुकानदाराचा वेगळा. विश्रामबागेत कित्येक घरांना तो आकडा माहीतच नसतो, कारण तिथवर पाणी चढलेलं नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ असं दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, आणि व्हीनस कॉर्नरसारख्या भर बाजारपेठेत होड्या फिरल्या. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने रात्रीतून बाजारपेठ बुडवली, लोकांना सामान वर चढवायलाही वेळ मिळाला नाही.

जलसंपदा खात्याने नद्यांच्या पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर घेताना महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपला सर्व्हे नंबर त्या नकाशावर कुठे येतो ते स्वतः बघा. निळ्या रेषेच्या आतलं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. स्वस्त का आहे, हे गल्लीतल्या भिंतीवरची चिखलाची खूण सांगते. रंग नवा दिला असेल तर शेजारच्या जुन्या घराची भिंत बघा. आणि एक पावसाळा इथे काढलात, तर जुलैच्या शेवटी कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं याच्या बातमीकडे डोळे लावून बसलेली गल्ली तुम्हाला दिसेल. दुकानदार तळमजल्यावरचा माल माळ्यावर चढवताना दिसतील. ते बघून जागा निवडलीत तर पुढची वीस वर्षं पावसाळ्यात शांत झोपाल.

कागदपत्रांतही लहान शहराची स्वतःची मेख आहे. महारेराची नोंदणी प्रत्येक इमारतीला लागत नाही. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला ती बंधनकारक नाही. मुंबईत अशी इमारत शोधावी लागते, इथे तशाच जास्त. म्हणजे मुंबईकराला ज्या संरक्षणाची सवय आहे ते इथे बऱ्याचदा नसतंच. एनए, म्हणजे बिगरशेती, न झालेल्या जमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे ‘सगळेच घेतात हो’ म्हणून विकले जातात. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनएचा आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे सगळं हातात घेऊन, विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाकडे न जाता तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून टायटल सर्च करून घ्या. नातेवाईक मध्ये असेल तरीही. नातेवाईक मध्ये असेल तर जास्तच.

दवाखान्याच्या बाबतीत सगळी लहान शहरं सारखी नाहीत. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं रुग्णालय काढलं तेव्हापासून मिरज ही रुग्णांची पंढरी झाली. आजही उत्तर कर्नाटकातून माणसं इथे येतात. सोलापूरलाही मोठी सोय आहे. पण जिथे रात्री दोनला हृदयविकाराच्या रुग्णाला अँजिओप्लास्टी मिळत नाही, अशी जिल्ह्याची ठिकाणंही आहेत. घरात डायलिसिसवरचा, कॅन्सरचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर शहर निवडण्याच्या आधी त्याचा डॉक्टर निवडा. विमा पॉलिसीही काढून वाचा. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात. लहान शहराचा पत्ता दिला की हप्ता कमी होतो, पण उद्या मुंबईत उपचार घेतलेत तर बिलाचा काही हिस्सा खिशातून भरावा लागतो.

मुलांचं वय बघून हला. चौथीपर्यंतची मुलं महिनाभरात रुळतात. आठवी-नववीतल्या मुलाला हलवताना दहा वेळा विचार करा. दहावीतल्याला तर हलवूच नका. त्याला तिथेच काकाकडे, मामाकडे ठेवा, किंवा वर्षभर थांबा. बारावीनंतर मूल बहुधा पुन्हा पुण्याला शिकायला जाणार, त्याच्या खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च आतापासून धरून चाला. लातूरला मात्र उलटं होतं, तिथे अकरावी-बारावीसाठी बाहेरची कुटुंबं खोल्या घेऊन राहतात.

माणसांबद्दल खरं तेच सांगतो. रात्री अडीचला वडिलांना दवाखान्यात न्यायचं असेल तर इथे चार घरांचे दिवे लागतात आणि कुणीतरी गाडी काढतं. घर भाड्याने घ्यायला गेलात की हीच माणसं आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग ‘तुम्ही कुणापैकी?’ असं विचारतात. मटण चालतं का विचारतात. एकट्या राहणाऱ्या मुलीला घर मिळणं मुश्किल, आणि मिळालं तर कोण येतं-जातं यावर नजर. मोठ्या शहरातही हे आहे, पण तिथे चार नकारांनंतर पाचवी सोसायटी असते. दलित, मुस्लिम आणि एकट्या बायकांना लहान शहराचा हा भाग फार सोसावा लागतो, आणि ‘गावाकडची माणसं किती प्रेमळ’ म्हणणाऱ्यांनी ते मान्य करायला हवं. भाड्याचं वर्ष याही कारणासाठी हवं. कोणत्या पेठेत, कोणत्या कॉलनीत आपल्याला मोकळा श्वास घेता येतो, हे राहिल्याशिवाय कळत नाही.

करमणुकीची काळजी फार करू नका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीत. दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन इथे आजही थाटात होतो. मिरजेत सतारी घडतात, कोल्हापुरात देवल क्लब आहे. नवा सिनेमा त्याच शुक्रवारी लागतो. उणीव भासते ती आवडीच्या माणसांची. ती जमवायला वेळ लागतो.

इथे आलात की मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा, गॅस, बँक आणि विम्याचा पत्ता बदला, गाडीच्या आरसीवरचा पत्ता महिन्याच्या आत बदलून घ्या. यात अवघड काही नाही, फक्त राहून जातं.

राहिलं तिकडचं घर. ते पहिल्या वर्षी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या, जास्त मुदतीचा करार करू नका. करार नोंदवून घ्या. येणाऱ्या भाड्यात इथलं भाडं बहुतेक निघतं. कराची भीती घालून कुणी घाईने विकायला लावेल, पण घर विकल्यावर दीर्घकालीन नफ्यावरची सवलत मिळवायला नवं घर विकत घेण्यासाठी दोन वर्षं असतात आणि बांधायचं असेल तर तीन. मध्ये पैसे ठरावीक खात्यात ठेवावे लागतात, ते तुमच्या सीएला विचारा. एकदा मुंबईतलं घर गेलं की इथली जागा विकून तिकडे परत घर घेणं नोकरदार माणसाला जवळपास अशक्य होतं. इथलं घर विकायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, आणि तोवर तिकडचे भाव पुढे गेलेले असतात.

अकरा महिन्यांपैकी नऊ झाले की एका रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, आठ वर्षांच्या मुलालाही. पहिल्यांदा त्या व्यक्तीला बोलू द्या, जिने इथे येताना सगळ्यात जास्त सोडलं. तिने ‘राहू या’ म्हटलं तर तिकडच्या एजंटला फोन करा. तिने अजून थांबायला सांगितलं तर करार आणखी अकरा महिने वाढवा आणि घर तसंच ठेवा.